नवे पैसे आले तेव्हा आमच्या मामाच्या दुकानात

१ एप्रिल १९५७, सोमवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता, म्हणजे आमचा पाडवा आणि सोलापुरातल्या आमच्या तेलुगू-कन्नड शेजाऱ्यांचं उगादी, आणि नेमकं त्याच दिवशी सरकारने रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नवे पैसे केले. मी तेव्हा सहावीत होतो आणि शाळा सुटली की मामाच्या किराणा दुकानात बसायचो. दुकान मिलच्या चाळीजवळ, वडील मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर, त्यामुळे पगार कसा येतो आणि तो दुकानात कसा जातो हे दोन्ही मी रोज बघत होतो. त्या बदलाबद्दल सगळे एवढंच सांगतात की आणे गेले, पैसे आले, थोडे दिवस गोंधळ झाला आणि मग सगळं सुरळीत. पण त्यात कुणाचा एकेक पैसा गेला आणि कुणी तो जाऊ दिला नाही हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आधी जुना हिशोब. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाला ६४ पैसे आणि १९२ पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. पैसा दोन तऱ्हेचा, एक मधे मोठं भोक असलेला, युद्धाच्या काळातला, आणि दुसरा १९५० नंतरचा घोड्याचा. शाळेत पाढे पाठ झाले की लगेच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार, असं सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो ज्याला घडाघडा यायचा त्याला मास्तर पुढे बसवायचे. हे सगळं कशासाठी तर बाजारासाठी. साडेसहा आणे शेराने अडीच शेर ज्वारीचे किती, हे कागद न घेता सांगता आलं पाहिजे, नाहीतर शाळा शिकून उपयोग काय असं मामाचं म्हणणं.

मामाची वही तर बघण्यासारखी. रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पावली, दोन उभ्या रेघा म्हणजे अधेली, आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा. तीन रुपये दहा आणे लिहायचे तर ३ पुढे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा, संपलं. एका ओळीत माणसाचं नाव, माल आणि या रेघा. मामा चौथी शिकलेला पण पानभर रेघांची बेरीज बोट फिरवत खाली यायचा आणि तळाला आकडा तयार.

पाडव्याच्या आधी बरेच दिवस तयारी चालली होती. किती आण्यांचे किती नवे पैसे याचे पोस्टात तक्ते लागले, पेपरात तक्ते आले, मास्तरांनी फळ्यावर लिहून दिला, आणि मामाने माझ्याकडून तो मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून घेतला आणि तागडीच्या मागच्या भिंतीला खळीने चिकटवला. "आता तू वाचायचं बे, मी वजन करतो, तू सांगायचं." तो तक्ता मला आजही पाठ आहे. एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस, पाच एकतीस, सहा सदतीस, सात चव्वेचाळीस, आठ पन्नास, नऊ छप्पन, दहा बासष्ट, अकरा एकोणसत्तर, बारा पंच्याहत्तर, तेरा एक्याऐंशी, चौदा सत्त्याऐंशी, पंधरा चौऱ्याण्णव, सोळा शंभर. आम्ही पोरांनी त्याला चाल लावली होती, पाढ्यासारखीच, आणि चाळीत फिरताना म्हणायचो.

खरं तर एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. सरकारने नियम असा केला होता की अर्धा किंवा अर्ध्याच्या आतला नवा पैसा सोडून द्यायचा आणि अर्ध्याच्या वरचा पूर्ण धरायचा. म्हणून एका आण्याचे सहाच, दोन आण्यांचे साडेबारा होतात तिथे बाराच, पण तीन आण्यांचे पावणेएकोणीस होतात तिथे एकोणीस. आणि एका जुन्या पैशाचे? दीडच्या थोडे वर, म्हणून दोन नवे पैसे. दोन जुन्या पैशांचे तीन, तीन जुन्या पैशांचे पाच. ही शेवटची ओळ वाचली तेव्हाच मामा म्हणाला होता, "भांडणं हितंच होणार बघ."

पहिल्या दिवशी दुकानात नवीन नाणं जवळजवळ नव्हतंच. सगळे जुनेच पैसे घेऊन आले आणि जुनेच घेऊन गेले. मग मामा स्टेट बँकेतून, म्हणजे पूर्वीची इंपिरियल बँक, थोडी मोड घेऊन आला. गल्ल्यात ओतली तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. एक नवा पैसा तांब्याच्या रंगाचा, गोल, इतका छोटा की करंगळीच्या नखावर ठेवला तर बसावा. त्यावर हिंदीत लिहिलेलं, रुपये का सौवाँ भाग. दोन पैशाचं नाणं कंगोऱ्यांचं, त्यावर पचासवाँ भाग. पाचचं चौकोनी, गोल कोपऱ्यांचं, बीसवाँ भाग. दहाचं परत कंगोऱ्यांचं पण मोठं, दसवाँ भाग. ही तीन पांढरी. प्रत्येक नाण्यावर ते रुपयाचा कितवा भाग आहे हे लिहिलेलं होतं, मला ते फार आवडलं होतं, नाणं स्वतःच गणित सांगतंय असं वाटायचं.

पण आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना ते वाचता येत नव्हतं. मराठीच येत नाही तर हिंदी कुठून, आणि ज्यांना तेलुगू किंवा कन्नड वाचता यायचं त्यांना ही लिपीच वेगळी. मग लोक आकार धरून चालायला लागले. तिथे अडचण अशी की जुना अर्धा आणा, म्हणजे दोन पैशाचं नाणंही चौकोनीच होतं, चवलीही चौकोनी, आणि जुना आणा कंगोऱ्यांचा. म्हणजे जुने चौकोनी दोन, नवं चौकोनी एक, सगळे एकाच गल्ल्यात एकाच वेळी. जुनी नाणी बंद केली नव्हती, दोन्ही बरोबरीने चालायची, आणि हे वर्षानुवर्षं चाललं.

चाळीतली एक म्हातारी होती, डोळ्यांत मोतीबिंदू, तिला नाणं दिसायचंच नाही. ती पहिले काही दिवस दुकानात येऊन नुसती बसायची आणि माझ्याकडून एकेक नाणं मागून घ्यायची. अंगठ्याने कडेवरून फिरवायची, मग तळहातावर ठेवून वजन बघायची, मग परत कड. बोलायची नाही काही. जुनी चवली आणि नवा पाच पैसा यांतला फरक तिला आकारावरून नाही, जडपणावरून कळला. आठवडाभरात ती डोळस माणसांपेक्षा लवकर मोड मोजायला लागली आणि एकदा एका माणसाने तिला दहाच्या जागी जुना आणा टेकवला तेव्हा तो हातात पडल्या पडल्या तिने परत केला.

आता मुख्य गोष्ट. आमच्या दुकानात येणारी बाई महिन्याचा किराणा भरणारी नव्हती. ती रोजचं रोज घेणारी. एका पैशाचं मीठ, एका पैशाची मोहरी, दोन पैशाची हळद, आण्याचा गूळ, आण्याची चहाची पुडी, नवटाकभर तेल. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. बिड्या वळणाऱ्या बायका, त्यांना हातात पैसे पडतील तसं त्या घ्यायच्या. आता एका पैशाचं मीठ घ्यायचं तर तक्त्याप्रमाणे दोन नवे पैसे. म्हणजे दीडाची वस्तू दोनला. मीठ तेवढंच, मूठ तीच. रोज चार वस्तू अशा एकेक पैशाच्या घेतल्या तर आठ नवे पैसे गेले, आणि त्याच चार पैशांचा जुना आणा दिला असता तर सहा. दोन नवे पैसे म्हणजे जुना सव्वा पैसा, रोजचा.

हे सगळ्यात आधी कुणी पकडलं असेल तर आमच्या समोरच्या अक्काने. तेलुगू बाई, शाळेचं तोंड न बघितलेली, बिड्या वळायची. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत ती दुकानात आली आणि म्हणाली, अण्णा, मीठ दोन पैशाचं एकदम दे, आज अर्धं मी घेते, अर्धं शेजारणीचं. दोन जुन्या पैशांचे तीन नवे. दोघींनी वेगळं घेतलं असतं तर चार गेले असते. मामा बघतच राहिला. मग तिने दुसरं काढलं, ते उलट. तीन आण्यांचा गूळ घ्यायचा असेल तर ती आधी दोन आण्यांचा मागायची, बारा पैसे द्यायची, आणि मग पुडी बांधून झाल्यावर अजून एक आण्याचा मागायची, सहा पैसे. बारा आणि सहा अठरा. एकदम मागितला असता तर एकोणीस. पैशाच्या वस्तू एकत्र करायच्या आणि तीन आण्यांची वस्तू फोडायची, हे तिने कुणी न शिकवता काढलं आणि दोन दिवसांत सगळ्या चाळीला माहीत झालं.

मामाचं दुकान काही मोठं नव्हतं, त्याला पण हे परवडणारं नव्हतं. सोळा वेळा एकेक आण्याचा माल दिला तर त्याच्या गल्ल्यात ९६ पैसे येणार आणि तो ठोक बाजारात रुपया मोजून आलेला. बाकीचे काही दुकानदार गप्प बसून एका पैशाला दोन पैसे घेत होते आणि आण्याला कुणी सात घेत होते, तक्ता सहा सांगत असला तरी. त्यावरून बाजारात रोज तोंडातोंडी. मामाने काय केलं तर नियम लावला की बाई दुकानात आली की तिने घेतलेलं सगळं आधी आण्या-पैशात मोजायचं, बेरीज करायची, आणि शेवटी एकदाच तक्ता बघायचा. सरकारी नियमाचा अर्थही तोच होता, पूर्ण रकमेचं रूपांतर एकदा. कुणाचं अर्ध्या पैशाने इकडे, कुणाचं अर्ध्या पैशाने तिकडे, पण कुणी ठरवून लुबाडलं जात नाही. एकच पैशाची वस्तू घेणारी असेल तर मामा तिच्याकडून एक नवा पैसा घेऊन अर्धा वहीत मांडून ठेवायचा आणि पुढच्या वेळी मिळवायचा. मिठाच्या अर्ध्या पैशाची वही ठेवणारा माणूस मी नंतर कुठे बघितला नाही आणि आजही मला त्याचा अभिमान वाटतो.

लोकांना आज ते भाव वाचून वाटतं काय स्वस्ताई होती. ज्वारी शेराला सहा-साडेसहा आणे, साखर चौदा-पंधरा आणे, चहा एक आणा, सोनं तोळ्याला शंभराच्या आसपास. पण वडिलांचा पगार महागाई भत्ता धरून नव्वदच्या घरात, तोही खाडे झाले नाहीत तर. घरात आम्ही सहा माणसं, भाकरी खाणारी, रोज अडीच शेर ज्वारी लागायची. महिन्याला पंच्याहत्तर शेर. साडेसहा आण्यांनी तीस रुपये साडेसात आणे. हा हिशोब आई तोंडी करायची, पंच्याहत्तर सक साडेचारशे, वर निम्मे साडेसदतीस, त्यातले चारशे ऐंशी आण्यांचे तीस रुपये, उरले साडेसात. पगाराचा तिसरा हिस्सा नुसत्या ज्वारीला, मग खोलीचं भाडं, रॉकेल, तेल, कपडा, आणि गावाकडे आजीला मनिऑर्डर. कुठली आली स्वस्ताई.

आणि नव्या पैशात काय झालं बघा. साडेसहा आणे म्हणजे चाळीस पूर्णांक बासष्ट, तक्त्याने एकेचाळीस. शेराला एकेचाळीस धरून पंच्याहत्तर शेर घेतले तर तीस रुपये पंच्याहत्तर पैसे. आणि आईच्या हिशोबाने तीस रुपये सत्तेचाळीस. फरक २८ नव्या पैशांचा, म्हणजे साडेचार आणे, एका महिन्यात, एका धान्यात. रोज घेणाऱ्याला हा फरक पडायचा, पोतं घेणाऱ्याला नाही. माझ्या मते त्या सगळ्या बदलात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती आणि ती आई, अक्का, चाळीतल्या बायका यांना जितकी कळली होती तितकी फारच थोड्यांना कळली असेल.

मिलच्या पगाराचंही तेच. सोलापूरच्या गिरणी कामगारांचा महागाई भत्ता सोलापूरच्या राहणी खर्चाच्या निर्देशांकाला जोडलेला होता, तो आकडा वर-खाली झाला की भत्ता बदलायचा आणि पगाराच्या दिवशी मिलच्या गेटवर हाच विषय. नव्या पैशात पगार आला त्या महिन्यात वडील पाकीट घेऊन घरी न जाता आधी दुकानात आले. मी, मामा आणि वडील, तिघांनी मिळून आकडा उलटा आण्यात करून बघितला. बरोबर होता. वडिलांनी तरी पुढचे सहा-सात महिने दरवेळी तपासून घेतला. बिडी कामगार बायकांचं एवढं सरळ नव्हतं, त्यांची मजुरी हजार बिड्यांच्या दरावर, त्यात छाट निघालेल्या, म्हणजे नापास केलेल्या बिड्या वजा, आणि वर आण्यांचे पैसे करताना खालचा आकडा धरायचा. एका ठिकाणी यावरून बायका बसून राहिल्या होत्या, अक्का त्यात होती. दर दिवसाऐवजी आठवड्याची बेरीज करून मग पैसे करा एवढंच त्यांचं मागणं होतं आणि ते मान्य झालं.

पोस्टाचं मात्र सोपं झालं. पाडव्याच्या दिवसापासूनच भारताच्या नकाशाची नवीन तिकिटं आली, सगळी नव्या पैशांत. कार्ड पाच नव्या पैशांना. मामाने दुकानात कार्डांचा गठ्ठा ठेवायला सुरुवात केली कारण पाचचं चौकोनी नाणं द्या आणि कार्ड घ्या, मोड नाही, भांडण नाही. कार्ड लिहून द्यायचं काम परत माझ्याकडे. गाणगापूरपासून वरंगळपर्यंत कुठे कुठे पत्रं जायची.

सिनेमाचं पुढचं तिकीट पाच आणे होतं. ते झालं ३१ नवे पैसे. शाळेतले आम्ही तिघे मित्र, तिघांचे पंधरा आणे म्हणजे ९४ पैसे, पण तिकिटं वेगवेगळी काढली तर ९३. त्यामुळे खिडकीवर आम्ही एकामागे एक उभे राहून एकेकच काढायचो आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं यावर आत जाईपर्यंत चर्चा. त्या साली बी. आर. चोप्रांचा नया दौर आला होता, टांग्याची आणि बसची शर्यत असलेला, आणि सोलापुरात तेव्हा सगळीकडे टांगेच, स्टेशनबाहेर रांगा लागलेल्या असायच्या. टांगेवाले घोडे सोडून सिनेमाला येऊन बसलेले मी स्वतः बघितले. शर्यतीला सगळं थेटर उभं. पुढे १९५९ ला सांगत्ये ऐका आला, तो पुण्यात विजयानंदला दोन वर्षांच्या वर चालला, आणि आमच्याकडे खेड्यापाड्यांतून बैलगाड्या भरून माणसं यायची.

रेडिओ आमच्या चाळीत कुणाकडेच नव्हता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात होता आणि बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की हॉटेलबाहेर शंभर माणसं. आत बसायचं तर चहा घ्यावा लागायचा, बाहेर उभं राहायला पैसे नव्हते, म्हणून बाहेरच. आकाशवाणीवर तेव्हा सिनेमाची गाणी फारशी लागत नव्हती, माहिती मंत्री केसकर होते, त्यांना ती पसंत नव्हती, म्हणून सगळा देश सिलोन ऐकत होता. मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि हॉटेलवाल्याला गाणी लावायची सोय झाली. त्याच हॉटेलात क्रिकेटची कॉमेंट्री. पॉली उम्रीगर लहानपणी सोलापुरात वाढलेला, म्हणजे आपलाच, आणि तो तेव्हा भारताचा कॅप्टन, त्यामुळे तो बॅटिंगला आला की चहाचे कप पण वाजायचे बंद. बाकी वेळ तिथे संयुक्त महाराष्ट्राचं राजकारण, महाराष्ट्र-गुजरात मिळून केलेलं द्विभाषिक मुंबई राज्य मोडलं पाहिजे यावर सगळे एक.

त्या दिवाळीच्या पाडव्याला मामाने नवीन वही घातली. पहिल्यांदाच त्या वहीत उभ्या-आडव्या रेघा नव्हत्या. रुपये एका रकान्यात, नवे पैसे दुसऱ्यात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री सगळ्यांची उधारी जुन्या वहीतून नवीन वहीत उतरवायची होती आणि ते मी आणि मामा कंदिलाच्या उजेडात करत बसलो. मामा रेघा वाचायचा, तीन रुपये दहा आणे, मी लिहायचो ३ रुपये ६२. ज्याच्या नावावर अर्धा पैसा येईल तो मामा सोडून द्यायचा, लिहू नको म्हणायचा. पहाटेपर्यंत चाललं. नवीन वहीची बेरीज मामाला जड गेली हे खरं, रेघांवर बोट फिरवायची त्याची सवय होती, पण चार महिन्यांत तो माझ्यापेक्षा पुढे गेला, कारण दशांशात मांडणं मुळात सोपंच. हातचा घेताना सोळाने भागायचं नाही, नुसता ठिपका सरकवायचा. सरकारने हे केलं ते योग्यच केलं असं मी तेव्हाही म्हणायचो.

जानेवारीत गड्डा आला. सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीची, नंदीध्वजांच्या काठ्या, होम मैदानावर पाळणे, खेळणी, फोटोचे तंबू. तिथे मला कळलं की भाव कसे चढतात. गेल्या वर्षी पाळण्याचा एक फेरा एक आणा होता. तक्त्याने सहा पैसे व्हायला पाहिजे. पाटीवर लिहिलं होतं दहा नवे पैसे. का तर सहाची मोड द्यायला कुणाकडे वेळ नाही आणि दहाचं एक नाणं आहे. रेवड्यांची पुडी दहा. फुगा दहा. आणा गेला आणि त्याच्या जागी दहा पैसे येऊन बसले. गड्ड्यात जे झालं ते हळूहळू बाजारात पण झालं, आणि १९५७ पासून धान्याचे भाव तसेही वर जात होते, त्यामुळे किती महागाईने वाढलं आणि किती नाण्याच्या सोयीने, हे वेगळं करता यायचं नाही.

पैशाचं बसतंय तोवर वजनं बदलायला लागली. कायदा १९५६ चा, १ ऑक्टोबर १९५८ पासून ठरावीक ठिकाणी किलो सुरू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून सगळीकडे सक्तीचा. शेर म्हणजे ऐंशी तोळे, ९३३ ग्रॅम. म्हणजे किलो शेरापेक्षा थोडा जास्त. मामाकडे गोल लोखंडी वजनं होती, ती जाऊन षटकोनी आली, त्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का. परत नवीन तक्ता, परत भिंतीला खळ. साखर शेराला ९४ तर किलोला एक रुपया एक पैसा. ज्वारी शेराला ४१ तर किलोला ४४. पण बाया पावशेरच मागायच्या, अजूनही मागतात. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम आणि नवीन पाव किलो २५०. बाजारात काही जण भाव किलोचा घ्यायचे आणि तागडीत टाकायचे जुनं पावशेराचं वजन, सतरा ग्रॅम खाल्ले. मामाने जुनी वजनं दुकानात ठेवलीच नाहीत, ठेवली तर कुणीतरी संशय घेईल म्हणाला. धान्य मात्र बरेच दिवस मापानेच, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि ती मापं खेड्यातून येणाऱ्यांनी सहजासहजी सोडली नाहीत. सोनाराकडे ११.६६ ग्रॅमचा तोळा जाऊन दहा ग्रॅमचा आला पण नाव तोळाच राहिलं.

मी मॅट्रिक झालो १९६२ ला, तेव्हा दुकानात पैशाचा तक्ता कुणी बघत नव्हतं. १ जून १९६४ पासून नाण्यावरचा नया शब्दही गेला, नुसता पैसा उरला. आईने आण्यांचे हिशोब सोडले नाहीत, ती आण्यात करून मग मला पैशात विचारायची आणि दोन्ही जुळले की पैसे द्यायची. दुकानात तोपर्यंत एका पैशाची वस्तू कुठलीच उरली नव्हती, दोनचीही नाही. मोहरीची सगळ्यात लहान पुडी पाच पैशांची झाली होती. अक्का ती घ्यायची, शेजारणीबरोबर अर्धी अर्धी करून.